स्वमग्नतेचें मूळ आणि आईबाप

मुलाच्या ठायीं कांहीं उणें दिसलें कीं लोक प्रथम आईकडे बोट दाखवितात. ही रीत जुनी आहे, आणि ती एकाच देशाची नाहीं. शास्त्रासारखी सावध विद्याही तिच्या आहारीं कशी गेली, हें स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, कारणशोधाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील पहिल्या मुलाच्या पित्यानें मुलाविषयीं ३३ पानांचें टिपण डॉक्टरांकडे पाठविलें होतें. म्हणजे या शास्त्राचा पहिला साक्षीदार एक बापच होता. परंतु आईबापांच्या अशा बारीकसारीक नोंदी हाच कॅनर यांना त्यांच्या विक्षिप्तपणाचा पुरावा वाटला! ही उणीव जन्मजात असावी, असें त्यांनीं निबंधाच्या अखेरीस म्हटलें खरें. पण आईबापांच्या थंड स्वभावावरील त्यांचे शेरेच लोकांच्या ध्यानांत राहिले. हें मत बळावत गेलें, आणि १९६७ सालीं शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनीं आपल्या ग्रंथांत त्यावर कळस चढविला. आईबापांना मूल मनांतून नकोसें असतें, म्हणूनच तें आपल्या कोशांत शिरतें, असा त्यांचा सिद्धान्त. जिनें रात्रीचा दिवस करून मूल सांभाळलें, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणारा हा न्याय होता.

या मताला सप्रमाण उत्तर त्याआधींच एका बापानें दिलें होतें. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन आरमाराच्या सेवेंतील मानसशास्त्रज्ञ. १९५६ सालीं जन्मलेला त्यांचा मुलगा स्वमग्न होता. मिळेल तें सारें वाचून त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहिला. आईच कारण असेल, तर तिचीं इतर मुलें बहुधा निकोप कशीं? एकरूप जुळ्यांत दोघेंही स्वमग्न कां निघतात? ग्रंथास प्रस्तावना खुद्द कॅनर यांनींच लिहिली, आणि १९६९ सालीं पालकांच्या सभेंत त्यांनीं आईबापांना जाहीरपणें दोषमुक्त केलें. १९७७ सालीं ब्रिटनमधील २१ जुळ्यांच्या पाहणींत ११ एकरूप जोड्यांपैकीं ४ जोड्यांतील दोन्ही मुलें स्वमग्न आढळलीं. १० भिन्नरूप जोड्यांत तशी एकही नव्हती. आनुवंशाचा पक्ष बळकट झाला.

कथा येथेंच संपती तर बरें होतें. पण पुढें रिमलँड यांचाच संशय लसींवर गेला. १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत अवघ्या १२ मुलांवरील एका निबंधानें गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीविषयीं शंका उठविली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या पाहणींत असा संबंध आढळला नाहीं, आणि २०१० सालीं ‘लॅन्सेट’नें तो निबंध मागें घेतला. रिमलँड २००६ सालींच निवर्तले होते. त्यांचा संशय अखेरपर्यंत फिटला नव्हता.

त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. ज्यांच्यावर खोटा आळ आला, त्यांना खरा गुन्हेगार हुडकल्यावांचून चैन पडूं नये, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु येथें एकच गुन्हेगार नाहीं. आनुवंशाचा वांटा मोठा असला, तरी तो शेंकडों जनुकांत विखुरलेला आहे. आईबापांच्या व्यथेनें शास्त्राला प्रश्न विचारावे. उत्तर मात्र पुराव्यानेंच द्यावें. एकाच बापानें पुराव्याच्या बळावर असंख्य मातांचा कलंक पुसला, आणि पुरावा सुटतांच तो स्वतः वाट चुकला. त्याच्या चुकीमुळें त्या मातांची निर्दोषता मात्र उणावत नाहीं.