‘उपयोग लिहा’

विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘उपयोग लिहा’ हा प्रश्न हमखास असतो. लोखंडाचे चार उपयोग, तरफेचे तीन. मुले ते पाठ करतात आणि आपण गुण देतो. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. वजन किंवा घनता असावी तसा उपयोगही वस्तूतच असतो, तो फक्त पाहून लिहायचा. इतिहासातील काही उदाहरणे तपासली, तर हे गृहीत कितपत टिकते ते पाहू या.

प्रवाही पदार्थांच्या तत्त्वामुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या डॅनियल बर्नोलीने १७३८ साली जोखमीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुद्दा साधा होता. हजार मोहरांचा लाभ गरिबाला जेवढा मोलाचा वाटेल तेवढा श्रीमंताला वाटणार नाही. वस्तूची किंमत सर्वांना सारखी असते; तिची उपयुक्तता मात्र घेणाऱ्याच्या परिस्थितीवर ठरते. नुकसानीचेही तसेच. तेवढीच रक्कम बुडाली तर गरिबाला तिचा फटका कितीतरी मोठा बसतो.

आता एक वाहन घेऊ. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३०च्या दशकाच्या आरंभी फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, अशी हकीकत सांगतात. रविवारी न भिजता चर्चला जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत, अशी एकच गाडी तिला हवी होती. जीलाँगच्या कारखान्यातील ल्यू बँट या तरुणाने तशी गाडी आखली. पुढे मोटारीसारखी बंद, काचांची केबिन, मागे मालाचा हौदा, आणि दोन्हींच्या बाजू एकसंध पत्र्याच्या. १९३४ साली ती बाजारात आली. तिच्या नावातच ‘युटिलिटी’, म्हणजे उपयुक्तता, हा शब्द होता; लोकांनी त्याचे ‘यूट’ केले. तीत मोटारीपेक्षा माणसे कमी बसत आणि ट्रकपेक्षा माल कमी मावे. तरीही ज्याला दोन गाड्या परवडत नाहीत, त्याच्या दृष्टीने ती दोन्हींपेक्षा सरस होती.

हाच शब्द दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये वेगळ्या अर्थाने घरोघरी पोचला. कापड, लाकूड आणि कामगार युद्धासाठी हवे होते. म्हणून सरकारने १९४१ पासून ‘युटिलिटी’ कपडे आणले, पाठोपाठ फर्निचरही. कमीत कमी सामानात टिकाऊ वस्तू, हे सूत्र होते. खिसे, बटणे, चुण्या यांच्यावर मर्यादा आली. पुरुषांच्या विजारीची खालची दुमडही बंद झाली आणि त्यावर बरीच कुरकुर झाली. नवे फर्निचर प्रामुख्याने नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांना मिळे. इथे ‘उपयोगी काय’ हे वापरणाऱ्याने ठरवले नाही, टंचाईने आणि सरकारने ठरवले. १९५२ मध्ये ही योजना संपली.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे, एका अवजाराचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. ही गोष्ट आपण वर्गात अंधश्रद्धेचा नमुना म्हणून सांगतो. ती भीती खरी नव्हती, हे उघड आहे. मातीत लोह असतेच आणि लाकडी नांगराचा फाळही लोखंडीच असतो.

पण एवढ्यावर थांबू नये. लाकडी नांगर गावातला सुतार आणि लोहार दुरुस्त करीत आणि त्यांचे बलुते सुगीला धान्यात चुकते होई. लोखंडी नांगराला रोकड लागे आणि सुटा भाग मोडला तर तो कारखान्यातून आणावा लागे. तो माती उलथून टाकतो, तण गाडतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याचा लाभ जमीन कशी, बैल किती, यावर अवलंबून. शिवाय प्रयोग फसला तर हंगाम बुडणार होता तो शेतकऱ्याचा. बर्नोलीच्या भाषेत सांगायचे तर नांगर एकच होता, पण भांडवल असलेल्या बागाईतदाराची उपयुक्तता वेगळी आणि एका बैलजोडीवर जगणाऱ्याची वेगळी. त्याच्या संकोचात हिशेबही असू शकतो, हे मुलांना सांगितले नाही, तर ‘ज्याला विज्ञान कळत नाही तो शेतकरी’ एवढेच त्यांच्या मनात राहते.

म्हणून ‘उपयोग लिहा’ याला तीन छोटे प्रश्न जोडून पाहावेत. कोणाला? कोणत्या कामासाठी? कशाच्या बदल्यात? पाटा-वरवंटा आणि मिक्सर यांच्यापासून सुरुवात करता येईल. जिथे वीज वरचेवर जाते, तिथल्या मुलांची उत्तरे आणि शहरातल्या मुलांची उत्तरे जुळणार नाहीत. रोज वाटण वाटणाऱ्या आईचे उत्तर आणखी वेगळे असेल. गुण देणे थोडे अवघड होईल, पण वर्गात चर्चा सुरू होईल.