उपासाच्या ताटातले परदेशी पाहुणे

संकष्टी असो, एकादशी असो की महाशिवरात्र, आपल्या घरी साबुदाण्याची खिचडी ठरलेली. तिलवाऱ्याला नर्मदामैयाचे दर्शन घेऊन आलेली मंडळीसुद्धा दिवसभर याच खिचडीवर असतात. ती इतकी आपली झाली आहे की तिचे मूळ गाव कोणी विचारत नाही. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण रेल्वेत आयुष्य गेले की एक खोड लागते. कुठलाही माल दिसला की तो कुठे चढला आणि कुठून फिरून आला, हे पाहावेसे वाटते.

बटाट्यापासून सुरुवात करू. जबलपूरच्या मंडीत आपण ‘आलू’ म्हणून मागतो आणि घरी आणला की त्याचा ‘बटाटा’ होतो. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला. त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला आणि तिथे तो रताळ्याचे नाव होता! बटाटा स्वतः दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. शेंगदाणाही त्याच खंडातला. बंगाली लोक त्याला ‘चिनेबादाम’ म्हणतात. मिरची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि आपल्या जुन्या मिऱ्यावरून तिला नाव मिळाले.

आता साबुदाणा. याची कथा सर्वांत लांबची. खरा ‘सागू’ म्हणजे मलाया आणि इंडोनेशियाकडील एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यातले पीठ. ‘सागू’ हा मलय शब्द, त्यावरूनच आपला ‘साबु’. पूर्वी हा माल तिकडून जहाजाने येत असे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि ती वाट बंद झाली. तेव्हा मद्रास इलाख्यातील सेलमच्या माणिकम चेट्टियार यांनी मलायात राहिलेले पोपटलाल शहा यांच्याबरोबर १९४३ च्या सुमारास टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायला घेतला. कंद सोलायचा, किसायचा, धुऊन त्याचे पांढरे पीठ खाली बसू द्यायचे. मग ते ओलसर पीठ झोळीसारख्या कापडात हलवत राहायचे, म्हणजे त्याचे आपोआप गोल दाणे बनतात. ते तव्यावर शेकायचे आणि उन्हात वाळवायचे. यंत्रे नंतर आली, पण युक्ती तीच राहिली. आज सेलमच्या साबुदाण्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे महाराष्ट्र, गुजरात आणि आपला मध्य प्रदेश. आपण खातो तो साबुदाणा ताडाचा नव्हेच, तो कंदाचा आहे.

आणि हा कंद तरी कुठला? ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत नेला आणि मलबारातही आणला. आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून भरून नेणाऱ्या त्यांच्या जहाजांवर या कंदाचे पीठ त्या माणसांच्या पोटाला दिले जाई. पुढे १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी, तांदूळ कमी पडतो म्हणून, प्रजेला त्याची लागवड करायला लावली. १९४२ मध्ये ब्रह्मदेशही जपान्यांनी घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, तेव्हा त्रावणकोरमधील गरिबांनी या कंदावरच दिवस काढले. बटाट्याचेही तसेच. आयर्लंडचा गरीब शेतकरी त्याच्यावरच जगत होता. १८४५ पासून पिकावर रोग पडला आणि सुमारे १० लाख माणसे मेली. ज्यांच्या ताटात दुसरे काही नव्हते त्यांचे हे जेवण. आपण ते एक दिवस जेवायचे नाही म्हणून खातो. हे ध्यानात आल्यापासून मला खिचडीचा दुसरा वाडगा मागताना थोडा संकोच होतो. (मागतो मात्र!)

हा माल आपल्या शहरापर्यंत पोचवण्यात रेल्वेचा वाटा मोठा. त्याआधी मीठ आणि धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून येई. १८६७ मध्ये अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला पोचली. मुंबईकडून निघालेली जी.आय.पी. रेल्वे मार्च १८७० मध्ये तिला येथेच येऊन मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग झाला. सुएझचा कालवा त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. युरोपातून निघालेली पेटी सुएझमार्गे मुंबईला आणि तेथून आगगाडीने कलकत्त्याला जाऊ लागली. वाटेत जबलपूर लागायचेच.

गंमत अशी की याच उपासाला हळद चालत नाही, भात चालत नाही, गहू चालत नाही. हळद आणि तांदूळ तर या मातीतले! मला वाटते, नियम बांधले गेले तेव्हा बटाटा आणि मिरची इकडे कोणाला ठाऊकच नव्हती. यादीत नाव नाही म्हणून त्यांना अडवले नाही. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी घ्या. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा त्या दिवसाचा नियम. पण ऋषीच्या भाजीतला लाल भोपळा आणि मक्याचे कणीस दोन्ही अमेरिकेतून आलेले. ऋषींनी ते पाहिले असण्याची शक्यता नाही. आपल्या तळ्यांतला शिंगाडा तेवढा निखळ इथला, आणि त्याची लापशी मुलांना नको असते.

राहिले मीठ. महाराष्ट्रात पुष्कळ घरी उपासाला साधे मीठ चालते. आपण जबलपूरकर मात्र शेजारच्या हिंदी भाषक घरांच्या सहवासाने सैंधवावर आलो. सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातले. त्याची मोठी खाण खेवडा येथे, पश्चिम पंजाबात. १९४७ मध्ये ती सीमेपलीकडे गेली, तरी मीठ येत राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लागले आणि मे २०२५ मध्ये तिकडून येणारा सगळाच माल बंद झाला. आमच्या डब्यात अजून थोडे सैंधव शिल्लक आहे. ते संपल्यावर उपासाला साधे मीठ चालवून घ्यायचे की कसे, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.