लिंगोचे गीत आणि खेळाडूंचा कौल

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, नाकाडोंगरी हे गाव आहे. भोवताली जंगल, आणि जवळच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. या साऱ्या पट्ट्यात गोंड समाजाची वस्ती जुनी आहे. गोंडांच्या वंशकथा सांगण्याचे काम परंपरेने परधानांचे. हाती किंगरी घेऊन ते यजमानाच्या दारी येत आणि कुळाची, देवांची व लिंगोची कथा गात. लिखित ग्रंथ नसलेल्या समाजाचे हे चालतेबोलते ग्रंथालय होते.

लिंगोची कथा आजच्या तरुणाला अनपेक्षितपणे ओळखीची वाटेल. गोंडांचे सोळा विसा लोक, म्हणजे तीनशे वीस जण, एका गुहेत कोंडले जातात आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा बसवली जाते. चौघे तेवढे निसटून काचीकोपा लोहागडाच्या रानात आश्रय घेतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्या चौघांना भेटतो आणि कोंडलेल्यांच्या सुटकेचा ध्यास घेतो. त्यासाठी त्याला बिंदो नावाच्या महाकाय पक्ष्याची पिले आणून द्यायची असतात. समुद्रकाठी तो त्या पक्ष्याच्या घरट्यापाशी पोहोचतो. आईबाप शिकारीला गेले की भौरनाग नावाचा सर्प दर खेपेला पिले गिळत असतो. लिंगो बाणाने त्याचा वध करतो. परतलेला पक्षी कृतज्ञतेने त्याला पिलांसह पाठीवर घेऊन उडतो. पुढे सुटका होते, वाटेत पूर येतो, मगर विश्वासघात करते आणि कासव पैलतीरी नेते.

बंद शिळा, सोपवलेली कामगिरी, सर्पाशी झुंज, पुरातून पैलतीर गाठणे: गेम खेळणारा कोणीही म्हणेल की याचे टप्पे आधीच पाडलेले आहेत. आज जगभर छोटे, स्वतंत्र स्टुडिओ नेमक्या अशाच कथांवर उड्या मारत पुढे जाण्याचे, म्हणजे प्लॅटफॉर्मर जातीचे, खेळ घडवीत आहेत. खेळणारे त्यांवर भरभरून मतेही देतात. ती मते वाचण्यापूर्वी लिंगोच्या गीताचे पहिले रूपांतर कसे झाले आणि त्यावर मत देण्याचा अधिकार कोणाला मिळाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

हे गीत कागदावर आणले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४५ पासून त्याचे वास्तव्य नागपुरात होते. धर्मप्रचार हे त्याचे काम. पण खडक, जीवाश्म आणि दगडी शिळावर्तुळे यांचा त्याला विलक्षण नाद होता. परधानाच्या मुखातून ऐकलेले गोंडी शब्द त्याने रोमन लिपीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याचे कागद मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने संपादित केले आणि १८६६ मध्ये ते छापून निघाले. मूळ गोंडी शब्द आणि त्यांखाली इंग्रजी अर्थ, अशी त्या गीताची मांडणी होती. एवढी प्रामाणिक काळजी त्या काळच्या संग्राहकांत क्वचितच आढळते, हे मान्य केले पाहिजे.

पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या पुस्तकात हेच गीत घेतले. त्याने ते संक्षिप्त केले आणि लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या ‘हायावाथा’ काव्याच्या चालीवर इंग्रजी पद्यात बसवले. गंमत अशी की लाँगफेलोने ती चाल फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून उचललेली होती. म्हणजे विदर्भाच्या रानातले गीत फिनलंडच्या तालावर, अमेरिकन मार्गाने, लंडनच्या वाचकांपुढे गेले. ते वाचून ज्यांनी मते दिली ते सारे इंग्रजी वाचणारे साहेब होते. गीतात हिंदू देवतांची भर किती आणि मूळ किती, यावर त्यांनी चर्चाही केली. ज्या परधानाने ते गायिले आणि ज्या गोंडांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, त्यांना हे रूपांतर कसे वाटले, हे मात्र त्या काळी कोणी विचारले नाही.

वास्तविक परधानाचा श्रोता हा फार कठोर परीक्षक असतो. त्याला कथा पाठ असते, गाळलेला भाग तत्काळ कळतो, आणि गाणाऱ्याची बिदागी त्याच्याच हाती असते. छापील रूपांतराने पहिला घाला घातला तो या परीक्षकावर.

आता दीडशे वर्षांनंतरचा एक प्रसंग. २३ एप्रिल २०२४ रोजी ‘टेल्स ऑफ केन्झेरा: झाऊ’ हा खेळ बाजारात आला. तो घडवला ब्रिटनमधील सर्जंट स्टुडिओज या छोट्या संस्थेने. संस्थापक अबूबकर सलीम हा मूळचा अभिनेता, केनियन वंशाचा. वडिलांच्या मृत्यूनंतरचे दुःख त्याने या खेळात ओतले, आणि त्यासाठी आधार घेतला आफ्रिकेतील बंटू भाषिक समाजांच्या पुराणकथांचा. झाऊ हा तरुण मांत्रिक मृत्युदेव कालुंगाशी करार करतो: तीन महान आत्मे आणून द्यायचे आणि बदल्यात वडील परत मिळवायचे. त्याच्यापाशी दोन मुखवटे असतात, एक सूर्याचा, दुसरा चंद्राचा. मुखवटा बदलला की त्याचे सामर्थ्य बदलते. संगीत नैनिता देसाई या ब्रिटिश संगीतकर्तीचे आहे.

खेळाडूंचा कौल दुभंगलेला होता, आणि तो कसा दुभंगला हे लक्षणीय आहे. कथा, संगीत, रंग आणि पितृवियोगाची हाताळणी यांना जवळजवळ एकमुखाने दाद मिळाली. वडील गमावलेल्या अनेकांनी तर हा खेळ आपल्याशीच बोलला असे म्हटले. तक्रारी होत्या त्या कारागिरीविषयी. शत्रूंचे प्रकार थोडे, त्यामुळे झुंजी एकसुरी वाटतात. पाठलागाच्या काही प्रसंगांत एक चूक झाली की तत्काळ मृत्यू आणि पुन्हा आरंभापासून धाव. नकाशा सरळसोट, धुंडाळण्यासारखे कमी. या जातीच्या खेळांत मुरलेल्यांना तो सोपा वाटला, तर केवळ कथेसाठी आलेल्यांना तेच पाठलाग जाचले. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर होते. पुराणकथेच्या ओढीने येणारा आणि खेळाच्या ओढीने येणारा हे दोन वेगळे श्रोते असतात, आणि एकाच खेळाला दोघांनाही राखायचे असते.

याखेरीज एक तिसरा आवाज होता, पण त्याला अभिप्राय म्हणणे कठीण आहे. कृष्णवर्णीय नायक आणि आफ्रिकी कथा एवढ्याच कारणासाठी स्टुडिओवर वंशद्वेषी शिव्यांचा मारा झाला. सलीमने त्याविषयी जाहीरपणे बोलून दाखवले. त्याच वर्षी स्टुडिओला माणसेही कमी करावी लागली. हा मारा आणि झुंजीच्या एकसुरीपणाची तक्रार एकाच टोपलीत टाकणे खऱ्या टीकाकारांवर अन्याय करणारे आहे. मनापासून खेळून ‘इथे कमी पडला’ असे सांगणारा खेळाडू हा त्या परधानाच्या श्रोत्याचाच वारस आहे.

महाराष्ट्राने हाच अनुभव चार वर्षे आधी घेतला होता. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ घडवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न केला, पण उद्दिष्ट गाठता आले नाही. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत राजी नावाची मुलगी भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, दुर्गेने दिलेल्या त्रिशूळाने लढते. तिचा मार्ग जातो तो राजस्थानी वास्तूंची आठवण देणाऱ्या किल्ल्यांमधून आणि प्रासादांमधून. चित्रशैलीवर पहाडी लघुचित्रांचा ठसा आहे, आणि कथेचे काही दुवे छायाबाहुल्यांनी जोडले आहेत. वाटेत भित्तिचित्रे लागतात. त्यांच्यापाशी थांबले की देवांच्या कथा ऐकू येतात.

ही भित्तिचित्रांची युक्ती खेळाडूंना सर्वाधिक भावली. परदेशी खेळाडूला दुर्गा कोण हे ठाऊक नव्हते, त्याला भिंतीने सांगितले. भारतीय खेळाडूला ठाऊक होते, तो पडताळून पाहत थांबला. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हेच करत आले आहेत: चित्र पुढे ठेवायचे आणि त्याच्या आधाराने कथा गायची. राजी घडवणाऱ्यांनी पिंगुळीकडे पाहिले होते असा दावा येथे नाही. पण चित्रासमोर उभे राहून कथा ऐकण्याची सवय या भूमीत किती खोल रुजली आहे, हे त्या प्रतिसादावरून कळते.

दोषही स्पष्टपणे मांडले गेले. लढाईत हालचाली जड वाटतात, फटका आणि त्याचा परिणाम यांत क्षणाचे अंतर पडते, खेळ काही तासांतच संपतो. मोठी नाराजी होती ती शेवटाविषयी. कथा ऐन भरात तुटते आणि पुढच्या भागाची वाट पाहायला लावते. कीर्तनकाराने आख्यान अर्ध्यावर सोडून घंटा वाजवावी, तसा हा अनुभव. आणखी एक तक्रार प्रामुख्याने भारतीयांची होती: देवी आणि विष्णू इंग्रजीत बोलतात. आपल्या घरची कथा परक्या जिभेवर ऐकताना काहीतरी निसटते, ही जाणीव त्यांमागे होती.

यांपैकी दोन तक्रारींना उत्तर मिळाले. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईत दुरुस्त्या होत्या आणि हिंदी आवाज होते. १८६६ च्या पुस्तकाशी ही गोष्ट ताडून पाहावी. तेथे रूपांतर झाले आणि विषय संपला. येथे श्रोत्यांनी ‘आमच्या भाषेत सांगा’ म्हटले आणि सांगणाऱ्याला आवाज बदलता आला.

अलास्कात तर हा क्रम उलटा लावण्यात आला. इन्युपियाक लोकांच्या कथेवरील ‘नेव्हर अलोन’ हा प्लॅटफॉर्मर २०१४ मध्ये आला, तेव्हा त्याच्या निर्मितीत कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही आदिवासींची संस्थाच भागीदार होती. रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथेकऱ्याने जी कथा सांगितली होती तिच्यावर खेळ आधारला, आणि त्यासाठी आधी त्याच्या वृद्ध कन्येची संमती घेतली. निवेदन इन्युपियाक भाषेतच ठेवले. खेळाडूंनी त्या निवेदनाची मुक्तकंठाने स्तुती केली. सोबतचे पात्र नको तेथे उडी मारून मरते म्हणून रागही व्यक्त केला. संमतीने कथा खरी राहते, पण उडी नीट पडेलच असे नाही.

लिंगोच्या गीताकडे परतताना हे सारे ध्यानात घ्यावे लागते, कारण गोंडांचा अभिप्राय अखेर आला, पण शंभर वर्षांहून अधिक उशिराने. तो मुख्यतः अभ्यासकांकडून आला. रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली (१९४९ ते २०१५) यांनी गोंडी भाषा आणि पारी कुपार लिंगोचे कोया पुनेम यांवर आयुष्यभर लेखन केले. गीतातले काचीकोपा लोहागड म्हणजे कचारगड, असे गोंड अभ्यासक मानतात. कचारगडची गुहा आज गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात आहे. मात्र १ मे १९९९ रोजी नवा जिल्हा होईपर्यंत ती आणि नाकाडोंगरी एकाच भंडारा जिल्ह्यात होती. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून गोंड भाविक लोटतात. ज्या भाषेत हे गीत मुळात गायिले गेले, ती गोंडी अद्याप संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही.

कचारगडला सांगितली जाणारी कथा १८६६ च्या छापील पाठाहून निराळी आहे. छापील पाठात गोंडांना कोंडणारा महादेव, त्यामागचे कारण त्यांच्या अंगाचा दुर्गंध, आणि सुटकाही त्याच्याच संमतीने, लिंगोने तपश्चर्या करून कामगिरी पार पाडल्यावर. कचारगडच्या परंपरेत कोंडली जातात ती कली कंकालीची मुले. त्यांच्यासाठी जंगो आणि लिंगो धावून येतात, आणि त्यांच्याबरोबर असतो हिरासुका पाटालीर हा वादक. दुर्गंधाचा तो अपमान तेथे नाही, याचनाही नाही. हिरासुका किंगरी छेडतो, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ येते, ती शिळा ढकलतात, आणि निसटलेल्या शिळेखाली वादक स्वतः सापडतो. परधान जेव्हा ही कथा गातो, तेव्हा त्याच्या हाती तीच किंगरी असते.