राणीचा चित्ता

१८९४ सालीं एडिसनच्या चित्रशाळेंत दोन मांजरांचें मुष्टियुद्ध टिपलें गेलें. तेव्हांपासून हा प्राणी पडद्यावर वावरत आला आहे. मराठी बोलपटांत मात्र त्याच्या कुळांतला एक थोर भाऊबंद अधिक लक्षांत राहतो. 'प्रभात'च्या १९३२ मधील 'माया मच्छिंद्र'मध्यें स्त्रीराज्याच्या राणीजवळ, म्हणजे दुर्गाबाई खोटे यांच्याजवळ, पाळीव चित्ता दिसतो.

ही दिग्दर्शक शांतारामांची कल्पनाभरारी वाटेल. पण कोल्हापूरकरांस तिचें नवल वाटण्याचें कारण नव्हतें. 'प्रभात' तेव्हां कोल्हापुरांतच होती, आणि तेथील दरबारीं चित्ते पाळून त्यांजकडून काळवीट मारविण्याची प्रथा होती. डोळ्यांवर झांपड बांधलेला चित्ता गाडींतून माळावर नेत; कळप दिसतांच झांपड काढीत. पाठलाग मिनिटभराचाही नसे. शिकार साधली, कीं चित्तेवान त्यास त्याचा वाटा देऊन पुन्हां आवरी. वाघाची डरकाळी या प्राण्यास साधत नाहीं. लाडांत आला, कीं तो घरच्या मांजरासारखाच घुरघुरतो.

दुर्दैव असें, कीं पाळलेल्या चित्त्यांची वीण क्वचितच होई. प्रत्येक चित्ता रानांतूनच धरून आणावा लागे. येथलीं रानें रिकामीं होऊं लागलीं, तेव्हां संस्थानिकांनीं आफ्रिकेंतून चित्ते मागविले. १९५२ मध्यें भारतांतून तो नामशेष झाल्याचें जाहीर झालें.

२०२२ मध्यें नामिबियाहून ८ चित्ते विमानानें मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत आणले गेले. त्यांच्या डोळ्यांवर झांपड बांधणारा चित्तेवान मात्र आतां उरलेला नाहीं.