टर्बो इंजिनला दोन थ्रॉटल बॉडी: मॅनिफोल्ड डिझाइन करताना काय पाहायचं?

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटलमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा भाग. त्यात एक मोठा डबा असतो, तो प्लेनम. डब्यातून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या म्हणजे रनर. आमच्या यवतमाळ-पुसदकडे प्रोजेक्ट कारचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: टर्बो आहे, हवा दुप्पट लागणार, मग दोन थ्रॉटल लावायचे का?

माझं उत्तर: लावा, पण टर्बो आहे म्हणून नको.

कारण बघा. २ लिटरचं इंजिन ६५०० आरपीएमवर सेकंदाला साधारण १०८ लिटर हवा ओढतं. टर्बोने हवा दाबली तर त्याच १०८ लिटरमध्ये जास्त वस्तुमान बसतं, आकारमान तेवढंच राहतं. थ्रॉटल कॉम्प्रेसरच्या पुढे असेल (बहुतेक गाड्यांत असतोच) तर हवेचा त्यातला वेगही जवळपास तोच राहतो. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनला जो थ्रॉटल पुरतो, तो टर्बोलाही पुरतो.

४० मिमीचे दोन थ्रॉटल म्हणजे ८० मिमीचा एक, असंही नाही. क्षेत्रफळाची बेरीज होते, व्यासाची नाही. दोन्ही मिळून सुमारे २५१३ चौरस मिमी, म्हणजे ५६.६ मिमीचा एक थ्रॉटल. १०८ लिटरला त्यात वेग येतो सेकंदाला ४३ मीटर. काही हरकत नाही.

मग दोन कशाला? निस्सान जीटी-आरचं ३.८ लिटरचं इंजिन व्ही६ आहे. दोन बाजू, दोन टर्बो, म्हणून दोन थ्रॉटल. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात कारण बहुधा जागेचं असतं, किंवा बाइकच्या थ्रॉटल बॉडी हाताशी असतात. खरा धोका हवेच्या वाटपात आहे.

समजा, डबा मध्ये भिंत घालून दोन भागांत केला: १-२ एका बाजूला, ३-४ दुसऱ्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे ३ आणि ४ लागोपाठ हवा ओढतात, मग २ आणि १ लागोपाठ. प्रत्येक अर्ध्या डब्यावर दोन झटके एकामागे एक, नंतर शांतता. दुसऱ्या झटक्याच्या सिलिंडरला वेगळी हवा मिळते. समान अंतर हवं तर १-४ आणि २-३ अशा जोड्या लावाव्या लागतात, आणि त्या नळ्यांचा गुंता बॉनेटखाली बसवणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून मी डबा एकच ठेवा म्हणतो. आकारमान इंजिनच्या एक ते दीडपट, एक थ्रॉटल १-२ च्या मध्ये, दुसरा ३-४ च्या मध्ये, आणि रनरची तोंडं कर्ण्यासारखी गोल.

याला इतकं महत्त्व का? ईसीयू साधारणपणे चारही सिलिंडरला सारखंच पेट्रोल देतो. एकाला हवा जास्त गेली तर तिथलं मिश्रण पातळ होतं, बूस्टमध्ये नॉकिंग होतं आणि पिस्टन वितळतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सगळ्यांची सरासरी दाखवतो. मीटरवर सगळं ठीक, आत एक पिस्टन गेलेला!

आपल्याकडचा उन्हाळा यात भर घालतो. ४४ अंशांची हवा ०.७ बारने दाबली, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १२० अंशांवर जाते. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर तिला ६७ च्या आसपास आणतो. पण कापसाच्या हंगामात जिनिंगजवळून रोज जाणं असेल तर त्याच्या जाळीत कापूस आणि धूळ अडकते. जाळी दर आठवड्याला साफ करा. गरम हवेत नॉकिंग लवकर होतं, म्हणजे वाटपातली चूक मे महिन्यात महागात पडते.

आता जुळणी. दोन्ही पाती एकाच दांड्याने उघडावीत. थ्रॉटल सेन्सर सहसा एकाच बॉडीवर असतो, दुसरी मागे राहिली तर ईसीयूला कळत नाही. म्हणून पेट्रोलचा हिशोब प्लेनममधल्या प्रेशर सेन्सरवरून करा. प्रत्येक बॉडीला स्वतःची परतीची स्प्रिंग हवीच. पात उघडी अडकणं म्हणजे गाडी हाताबाहेर. बाइकच्या बॉडीचे शाफ्ट सील बूस्टसाठी बनवलेले नसतात, तिथून हवा बाहेर गळते. आणि ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह तपासा, नाहीतर बूस्टची हवा त्यात शिरेल.

वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची फ्लँज वाकते. १० ते १२ मिमी जाडीची घ्या, जाड लोखंडी पाटीला बोल्टने आवळून वेल्ड करा, मग मशीनिंग करून सपाट करा. तयार मॅनिफोल्डची सगळी तोंडं बंद करून आत थोडी दाबाची हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच.

हे सगळं ट्रॅकच्या किंवा कॉलेजच्या गाडीसाठी. एमएच-२९ ची पाटी लावून रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. आणि फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमीच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून जाते. ते भोक फक्त ३१४ चौरस मिमीचं. तिथे दुसरा थ्रॉटल म्हणजे नुसतं वजन.