विजेच्या मुलाम्यातून सौरघट आणि वायुसंवेदक

दागिन्याला सोन्याचा मुलामा देणारा कारागीर जे करतो, तेच अधिक काटेकोरपणे केले तर मुलाम्याच्या जागी अर्धवाहकाचा थर मिळतो. क्षारांचा विद्राव, त्यात बुडवलेली दोन विद्युताग्रे आणि बाहेरून दिलेला अल्पसा विद्युतदाब एवढीच मूळ सामग्री. ऋणाग्रावर धातूचे आयन इलेक्ट्रॉन स्वीकारून स्थिरावतात आणि थर वाढू लागतो. या पद्धतीला विद्युत-निक्षेपण म्हणतात. सौरघट आणि वायुसंवेदक यांच्यासाठी लागणारे पातळ थर या मार्गाने तयार करण्याचे प्रयत्न जगभर गेली काही दशके सुरू आहेत. महाराष्ट्रातील, विशेषतः महानगरांपासून दूर असलेल्या विद्यापीठांनी ही विद्या मनापासून आपलीशी केली आहे.

त्यामागचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे. निर्वात पोकळीत बाष्पीभवनाने थर बसवणारी यंत्रे महाग असतात, त्यांची देखभालही खर्चिक. याउलट काचेचे पात्र, विद्युतदाब स्थिर राखणारे पोटेन्शिओस्टॅट नावाचे उपकरण, एक संदर्भ विद्युताग्र आणि शुद्ध रसायने एवढ्यावर विद्युत-निक्षेपण सुरू होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने विद्रावातून थर बसवण्याच्या अशा पद्धतींची परंपराच उभी केली. रासायनिक निक्षेपणावर प्रा. लोखंडे यांनी राजाराम माने यांच्यासह २००० साली लिहिलेला समीक्षालेख या विषयातील संशोधक आजही वाचतात. पुढे प्रा. माने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकीय शास्त्रे संकुलात आले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेडसह लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. लातूरला त्याचे उपकेंद्रही आहे.

आता थोडे गणित. थराची जाडी किती वाढेल, हे किती विद्युतभार वाहिला यावर ठरते, असा फॅरडेचा १८३०च्या दशकातील नियम आहे. कॅडमियम टेल्युराइड या सौरघटाच्या पदार्थाचा एक रेणू बसवण्यास सहा इलेक्ट्रॉन लागतात, कॅडमियमसाठी दोन आणि टेल्युरियमसाठी चार. एक चौरस सेंटिमीटर काचेवर एक मायक्रॉन जाडीचा थर हवा असेल, तर हिशेबाने सुमारे १.४ कूलोम भार पुरतो. विद्युतप्रवाह ०.४ मिलिअँपिअर ठेवला, तर काम तासाभरात होते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाजारातील सिलिकॉनची चकती यापेक्षा शंभरपटीहून अधिक जाड असते, कारण सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषतो. कॅडमियम टेल्युराइडला एक-दोन मायक्रॉन पुरतात. पातळ थरांचे सारे आकर्षण या फरकात आहे.

अडचण अशी, की दोन मूलद्रव्ये एकाच विद्युतदाबाला बसायला तयार नसतात. टेल्युरियम सहज बसते, कॅडमियम अडून राहते. १९७८ साली कॅलिफोर्नियातील पनिकर, नॅस्टर आणि क्रोगर यांनी यावरील मार्ग प्रसिद्ध केला. विद्रावात कॅडमियम भरपूर आणि टेल्युरियम अगदी नाममात्र ठेवायचे. टेल्युरियमचा अणू बसला की त्याच्याशी संयोग पावण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेमुळे कॅडमियमही, एरवी लागला असता त्यापेक्षा कमी दाबाला, शेजारी येऊन बसते. टेल्युरियमचे प्रमाण जरा वाढले की थर बिघडतो. त्यामुळे ही पद्धत स्वस्त असली तरी सोपी नाही. भारनियमनाच्या काळात मराठवाड्यातील संशोधक विद्यार्थ्यांना याचा किती मनस्ताप झाला असेल, याची कल्पना करता येते. प्रवाह मध्येच खंडित झाला की अर्धवट थर पुन्हा विद्रावात झिजू लागतो. पाण्याचेही तसेच. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात प्रत्येक प्रयोगाला लागणारे आयनमुक्त पाणी ही क्षुल्लक बाब म्हणता येणार नाही.

हे तंत्र कारखान्यापर्यंत पोहोचलेही होते. बीपी सोलर या कंपनीने कॅलिफोर्नियात विद्युत-निक्षेपित कॅडमियम टेल्युराइडची 'अपोलो' नावाची पटले तयार केली. सुमारे एक चौरस मीटर आकाराच्या पटलाची कार्यक्षमता दहा टक्क्यांपुढे गेली होती. तरीही २००२ साली कंपनीने हा उद्योग बंद केला. पुढे त्याच पदार्थात यश मिळवले ते फर्स्ट सोलरने, पण बाष्परूपाने थर बसवून. २०२४ साली या कंपनीच्या तमिळनाडूतील कारखान्याचेही उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या शेतांत सौरपंपांवर दिसणारी पटले मात्र प्रामुख्याने सिलिकॉनची आहेत आणि त्यांचे दर इतके उतरले आहेत, की 'स्वस्त पद्धत' हा विद्युत-निक्षेपणाचा दावा एकट्याने पुरेसा राहिलेला नाही. विद्यापीठाने स्वस्त सौरघट बनवला, अशी बातमी वाचताना वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात: घटाचे क्षेत्रफळ किती होते, तो किती तास चालला आणि दमट हवेत त्याचे काय झाले. नखाएवढ्या घटाची पहिल्या दिवसाची कार्यक्षमता शोधनिबंधाला पुरते, छपराला नाही.

वायुसंवेदकांची गोष्ट वेगळी आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक आशादायक. येथे स्पर्धा युनिटच्या दराशी नसते. एक चौरस सेंटिमीटरही पुष्कळ होतो. जस्त किंवा कथिलाच्या ऑक्साइडचा थर दोनशे ते चारशे अंशांवर तापवला की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटून त्यातील इलेक्ट्रॉन अडवतो आणि रोध वाढतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो. जपानमध्ये सेयामा यांनी जस्त ऑक्साइडवर आणि तागुची यांनी कथिल ऑक्साइडवर १९६२च्या सुमारास हे दाखवले. घरगुती गॅसगळती सूचकांचा उगम तोच. जस्त ऑक्साइड नायट्रेटच्या विद्रावातून विद्युत-निक्षेपणाने थेट बसवता येते, हे १९९६ साली इझाकी व ओमी यांनी सिद्ध केले. ऋणाग्रालगत नायट्रेटचे क्षपण होऊन विद्राव अल्कधर्मी बनतो आणि ऑक्साइड तिथेच साकळते.

मात्र येथे एक पेच आहे. विद्युत-निक्षेपणाला खालचा पृष्ठभाग विद्युतवाहक लागतो आणि संवेदकाला विद्युतरोधक. नाहीतर प्रवाह थराला वळसा घालून खालूनच निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे रोधक पट्टीवर कंगव्याच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत गुंफलेली विद्युताग्रे आखणे आणि थर दोन्ही बाजूंनी वाढून मधली फट सांधेपर्यंत निक्षेपण करणे. दुसरा मार्ग दोन भिन्न अर्धवाहकांच्या संधीचा. लोखंडे यांच्या गटाने पॉलिअ‍ॅनिलिन आणि कॅडमियमची संयुगे यांच्या संधीवर, न तापवता, स्वयंपाकाच्या गॅसची चाचणी घेतली होती.

याची गरज कुठे आहे? गटारात आणि सेप्टिक टाकीत. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो, आणि वास गेला म्हणजे धोका टळला अशी समजूत जिवावर बेतते. २०१३च्या कायद्याने अशा टाकीत माणसाला संरक्षक साधनांविना उतरवण्यास बंदी आहे, तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. कथिल ऑक्साइडवर तांब्याच्या ऑक्साइडचे कण असले तर या वायूने त्यांचे सल्फाइड होते आणि रोध एकदम कोसळतो, हे ज्ञात आहे. तांब्याचे ऑक्साइडही विद्युत-निक्षेपणाने सहज मिळते. अडते ते वायूंच्या सरमिसळीत नेमका एक ओळखण्यात, पावसाळ्यातील दमटपणात आणि महिनोन्‌महिने अचूक राहण्यात. प्रयोगशाळेतील बंद पात्रात कोरड्या हवेवर घेतलेले आलेख याबाबत फारसे काही सांगत नाहीत. लातूर-नांदेड परिसरातील साखर कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्यांजवळ वर्षभर ठेवलेला एक संवेदक अधिक सांगेल.

कॅडमियमचा प्रश्न उरतो. हा विषारी धातू आहे. पटलात काचेआड बंदिस्त असताना तो निरुपद्रवी राहतो, परंतु निक्षेपणानंतर उरलेला विद्राव मोरीत ओतून चालत नाही. त्यातील कॅडमियम सल्फाइडच्या रूपाने साकळून, गाळून, स्वतंत्र साठवावे लागते.