दारापर्यंतची तार

घरात टेलिफोन घेतला की भिंतीला भोक पाडून एक बारीकशी वायर आत येते. सोलून पाहिली तर आत तांब्याच्या दोन तारा, एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. आपण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण वाचकहो, याच दोन तारांपायी देशोदेशींच्या कायदेमंडळांनी कायदे केले आणि मोठमोठ्या कंपन्या कोर्टाची पायरी चढल्या. वाद होता तो एवढाच: ही तार कोणाची, आणि तिच्यावरून कोणाकोणाला जाऊ द्यायचे?

ही हकीकत ब्रिटनची सांगतो. तिथे हा खेळ पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत पाहायला मिळतो.

१९१२ साली तिथल्या पोस्ट खात्याने देशातली जवळजवळ सगळी टेलिफोन-व्यवस्था आपल्या हाती घेतली. पुढची सत्तर वर्षे रस्ते खणून, खांब पुरून घरोघर तारा नेल्या त्या याच सरकारी खात्याने. १९८१ मध्ये टेलिफोनचा कारभार पोस्टापासून वेगळा निघाला, आणि १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे निम्म्याहून अधिक शेअर सरकारने विकले. जनतेच्या पैशाने उभे राहिलेले जाळे अशा रीतीने खासगी कंपनीकडे गेले. स्पर्धा हवी म्हणून मर्क्युरी नावाच्या दुसऱ्या कंपनीलाही परवाना मिळालेला होता. पण घरोघर नव्याने तारा नेणे का सोपे आहे? तोच रस्ता पुन्हा खणायचा, तोच खर्च पुन्हा करायचा. दारापर्यंतची तार राहिली एकाचीच.

तोवर एक नवल घडले होते. माणसाच्या बोलण्याला तारेवर साडेतीन हजार हर्ट्‌झची पट्टीही पुरी लागत नाही. वरची सारी जागा रिकामीच पडून असते. त्या रिकाम्या जागेतून इंटरनेटची माहिती पाठवायची युक्ती निघाली. तिचे नाव डीएसएल. बोलणे खालून, माहिती वरून, आणि दोघांचा एकमेकांना उपद्रव नाही! जुन्या तारेला अचानक सोन्याचा भाव आला.

इतर कंपन्या म्हणाल्या, 'तार तुमचीच राहू द्या, पण आम्हांला भाड्याने द्या. एक्स्चेंजमध्ये आमची यंत्रे ठेवायला जागा द्या, गिऱ्हाईक आम्ही सांभाळू.' युरोपीय संघाने डिसेंबर २००० मध्ये तसा नियमच केला. कागदावर दार उघडले.

पण नियम झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. कल्पना करा, नदीवर एकच पूल आहे, आणि पुलाचा मालक स्वतःही बैलगाड्या भाड्याने चालवतो. दुसऱ्याची गाडी आली की टोल जास्त, रांग लांब, आणि 'आज जमणार नाही, उद्या या.' ब्रिटनमध्ये जवळपास तसेच झाले. यंत्रे ठेवायला जागा, तिचे भाडे, जोडणीला लागणारे दिवस, सगळ्यावरून घासाघीस! पहिली काही वर्षे भाड्याने गेलेल्या तारांची संख्या नगण्यच राहिली.

शेवटी ऑफकॉम या नव्या नियामक संस्थेने दुखणे नेमके ओळखले. दोष नियमात नव्हता, पुलाचा मालक आणि गाडीवान एकच असण्यात होता. सप्टेंबर २००५ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने लेखी हमी दिली, आणि २००६ च्या आरंभी तारा सांभाळणारा विभाग 'ओपनरीच' या नावाने वेगळा काढला. अट अशी, की जो दर, जो वेळ, जी पद्धत घरच्या कंपनीला, तीच परक्याला. फरक लगेच दिसला. २००८ सालापर्यंत भाड्याने दिलेल्या तारा पन्नास लाखांच्या वर गेल्या. पुढे २०१८ मध्ये ओपनरीच कायद्यानेही वेगळी कंपनी झाली, मालकी मात्र मूळ घराण्याचीच.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या कंपन्यांचे म्हणणे, 'आम्ही बांधायचे आणि ते दुसऱ्याने वापरायचे, तर नवे बांधू कशाला?' अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने जाळी खुली केली होती, पण २००३ पासून याच युक्तिवादापुढे मान तुकवून तिने ब्रॉडबँडपुरते ते दार पुष्कळसे लोटून घेतले. काचतंतूंच्या नव्या तारांना हा प्रश्न खरोखरच लागू पडतो. पण तांब्याच्या तारांचे तसे नाही. त्या बांधल्या गेल्या तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरी वाट नव्हती, आणि खर्च त्यानेच वर्षानुवर्षे भरला होता.

आता घरचे पाहू. मुंबईत टेलिफोन आला १८८२ साली, खासगी कंपनीच्या हातून. १९४३ मध्ये तो सरकारने घेतला. पुढे टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबलेली माणसे पुष्कळांना आठवत असतील. २००४ च्या एप्रिलमध्ये आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली, की भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या तारा इतरांना खुल्या कराव्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रॉडबँड धोरण आले; त्यात ही सक्ती नव्हती. पुढे मोबाइल आला, आणि बहुतेकांचे इंटरनेट तारेवाचून हवेतूनच घरी पोचले. तांब्याच्या त्या तारांची वेळ निघून गेली, ती गेलीच.

तांबे जाईल, काच येईल, उद्या आणखी काही येईल. पण रस्ता सर्वांच्या पैशाने झाला असेल तर त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना सारखा असावा, आणि तो देणारा स्वतः गाडीवान नसावा. ब्रिटनला हे कळायला पाच वर्षे लागली. पुढच्या वेळी आपल्या दाराशी नवी वायर येईल, तेव्हा ती किती वेगाची एवढेच न विचारता, ती कोणाची आणि तिच्यावरून आणखी कोणाला येता येईल, हेही जरूर विचारा.